गादीमागचे अप्पा

आमच्या घरात कुणी काही अडचण सांगितली, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘त्यात काय एवढं!’ वाईट सवय आहे. (चांगल्या सवयी कोणत्या, असं बायकोला विचारून पाहिलं होतं. ती अजून आठवते आहे.)

झालं काय, की सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बरीच वर्षं त्या जग जणू दुधाच्या पिशवीतून बघत होत्या. माझी बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा तिचा रोजचा धंदा, पण स्वतःच्या आईपुढे तिचं काही चालत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी तारीख दिली, सासूबाई हो म्हणाल्या, आणि त्या आनंदात बायकोने विचारलं, “आई, स्पष्ट दिसायला लागल्यावर सगळ्यात आधी काय बघायचंय तुला?”

आम्हाला वाटलं, नातीचा चेहरा म्हणतील. निदान टीव्हीवरची मालिका तरी.

“यांना,” सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “फोटोतले नकोत. हलणारे.”

हे म्हणजे माझे सासरे, अप्पा. ते जाऊन चार वर्षं झाली. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, कानावर कायम एक पेन्सिल. कॅमेऱ्याचं त्यांना काय वावडं होतं कोण जाणे. कुणी फोटो काढायला लागलं, की हा माणूस कुणाच्या तरी खांद्यामागे जायचा. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत अप्पा अर्धेच आहेत. हलणारे अप्पा तर कुठून आणायचे?

बायकोने भावाला फोन केला. माझा मेहुणा दातांचा डॉक्टर आहे, पण तरुणपणी त्याने एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. त्याने जुनी हार्ड डिस्क धुंडाळली आणि एक छोटीशी क्लिप पाठवली. सासरचं घर बदलतानाची. रिकामी खोली, मधोमध स्टुलावर अप्पा. समोर, पूर्ण! कॅमेरा चालू आहे हे त्यांना कळलेलंच नव्हतं. आणि नवल म्हणजे, अप्पा हसत होते. चांगले खदखदून.

एकच भानगड होती. अप्पा हसायला लागतात न लागतात, तोच डावीकडून एक गुंडाळलेली गादी चालत येते. अप्पांच्या समोरून ती उजवीकडे जाते, भिंतीवर आपटते, वळते आणि पुन्हा अप्पांच्या समोरून डावीकडे निघून जाते. अप्पा जितके दिसतात त्याच्यापेक्षा गादीच जास्त दिसते.

गादीखाली दोन पाय आहेत. ते माझे आहेत.

“कोण हा शहाणा!” बायको म्हणाली. मग तिने पाय ओळखले. “अहो, तुम्हाला दुसरीकडून जायला काय झालं होतं?”

“मला समोरचं दिसत नव्हतं गं. गादी होती.”

“बाबांचा एकच व्हिडिओ आहे जगात,” ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली आणि गादी यायच्या आधीचे अप्पा पुन्हा पुन्हा बघत राहिली.

तेव्हा मी म्हणालो, “त्यात काय एवढं! ती गादी मी काढून टाकतो.”

आता हे मी हवेत बोललो नव्हतो. मी पाणीपुरवठा खात्यात क्लार्क आहे. मध्यंतरी आमच्या साहेबांना वाटलं, की खात्याच्या सूचना हलत्याबोलत्या असाव्यात. म्हणून मला मोशन ग्राफिक्स शिकायला पाठवलं. (बाकीच्यांनी वेळेवर रजा टाकली होती.) तिथे मी मॅट नावाचा प्रकार शिकलो. मॅट म्हणजे एका चित्राच्या आकाराची खिडकी, आणि त्या खिडकीतून दिसणारं दुसरं चित्र. मी पाण्याचा एक थेंब केला. तो पडद्यावरून घरंगळत जायचा आणि त्याच्या आत ‘पाणी जपून वापरा’ ही अक्षरं दिसायची. मला फार आवडला होता. साहेबांनी तीनदा पाहिला आणि म्हणाले, “थेंब छान आहे हो. पण तो पुढे गेला की अक्षरंही जातात. लोकांनी वाचायचं कधी?”

तरी विद्या ती विद्याच. मी बायकोला समजावून सांगितलं. “हे बघ, खालच्या थरात गादी नसतानाचे हसरे अप्पा ठेवायचे. वरच्या थरात मूळची क्लिप. वरच्या थरात गादीभोवती रेघ आखून तेवढा भाग कापायचा. त्याला मास्क म्हणतात. मग त्या भोकातून खालचे अप्पा दिसणार. गादी सरकेल तसा मास्क सरकवायचा. झालं!”

“किती वेळ लागेल?”

“रविवारची सकाळ.”

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप मांडून मी गादीभोवती झकास रेघ आखली. गादी गायब झाली! मी बायकोला हाक मारली, मुलीला हाक मारली. दोघी मागे उभ्या राहिल्या. मी क्लिप चालू केली.

गादी डावीकडून आली, अप्पांपाशी पोचल्यावर नाहीशी झाली आणि पलीकडून पुन्हा बाहेर पडून चालू लागली.

“बाबा, ही गादी अप्पाआजोबांच्या आत गेली,” मुलगी म्हणाली. ती कॉलेजात आहे आणि तिला दया नावाचा विषय नाही.

मास्कला हलायला सांगायचं राहिलं होतं. त्याच्या नावाशेजारी एक चिमुकलं घड्याळ असतं. ते दाबलं तरच तुम्ही कधी कुठे सरकवलं हे तो लक्षात ठेवतो. नाही दाबलं, तर शेवटी जिथे ठेवाल तिथेच बसून राहतो. (मी सासरी बसतो तसा.) मी घड्याळ दाबलं आणि कामाला लागलो. व्हिडिओच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. प्रत्येक चित्रात गादी थोडी पुढे, थोडी वर, थोडी तिरकी. आणि नव्या कॅमेऱ्याच्या आनंदात मेहुण्याचा हातही हललेला! मी एक कोपरा ओढला की दुसरा सुटायचा, दुसरा धरला की मास्कला मध्येच पीळ पडायचा. जेवायची वेळ झाली तेव्हा गादी खोलीत दोन पावलं चालली होती.

“ताटं कुठे मांडू?” बायकोने विचारलं.

त्या दिवसापासून आमच्या घरचे लोक ओट्यापाशी उभे राहून जेवायला लागले.

पुढच्या आठवड्यात गादी गेली. मी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. क्लिपमध्ये अप्पा हसत होते, आणि त्यांच्यासमोरून दोन पाय चालत गेले. फक्त पाय. पोटऱ्यांपर्यंत पायजमा, त्याच्यावर काही नाही. पाय भिंतीपाशी गेले, दचकले आणि परत आले.

“आईला हे दाखवलंत तर डोळ्याचं राहू दे, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल,” बायको म्हणाली.

मी पायांना स्वतंत्र मास्क केला. पाय गेले. मग लक्षात आलं, की भिंतीवर सावली राहिली आहे. माणूस नाही, गादी नाही, पण एक जाडजूड सावली भिंतीवरून ऐटीत चालली आहे. मी सावलीच्या मागे लागलो. रोज ऑफिसला निघण्याआधी थोडा वेळ आणि आल्यावर चहा होईपर्यंत. ऑफिसात फाइल उघडली तरी मला तिच्या कडेने ठिपके दिसायचे. मी स्वतःला कोपऱ्याकोपऱ्याने पुसत होतो, आणि खरं सांगतो, स्वतःला नाहीसं करणं वाटतं तितकं सोपं नाही. कुठेतरी कोपर राहतंच.

सगळ्यात जास्त त्रास अप्पांच्या कानाने दिला. मास्कची कड त्या कानाला लागून जायची. घट्ट आखली तर कान कापला जायचा. कड मऊ केली तर कान धूसर व्हायचा आणि अप्पा वाफेत बसल्यासारखे दिसायचे.

एक दिवस बायको चहाचा कप ठेवायला आली ती तिथेच खुर्ची ओढून बसली.

“कान नीट ठेवा हं,” ती म्हणाली. “पेन्सिल दिसली पाहिजे. मी शाळेतून आले की ती पेन्सिल काढून घ्यायचे आणि ते दिवसभर शोधल्याचं सोंग करायचे.”

“अप्पा? सोंग?”

“म्हणजे काय!”

मला हे अप्पा माहीत नव्हते. माझ्या वाट्याला आलेले अप्पा ओठ घट्ट मिटून बसायचे. मी घरात शिरलो की ओठ मिटायचे ते मी निघेपर्यंत. सुरुवातीला मी पुष्कळ प्रयत्न केले. हवेवर बोललो, पाण्याच्या दाबावर बोललो. अप्पा खाली बघायचे किंवा उठून आत जायचे. मुलीसाठी आपण त्यांच्या मनात भरलो नाही, हे मी केव्हाच समजून घेतलं होतं. तक्रार नव्हती. आपल्याला स्वतःची मुलगी झाल्यावर या गोष्टी कळतात.

पण बायकोला मी हे कधी बोललो नाही. कानाभोवतीचे ठिपके एकेक करून हलवत बसलो. ती शेजारी बसून सांगायची, “जरा आत. हां. आता पेन्सिलीचं टोक.” चहा निवून जायचा. त्या दिवसांत आम्ही जितके शेजारी शेजारी बसलो तितके लग्नानंतर कधी बसलो नव्हतो, आणि दोघांच्या मध्ये अप्पांचा कान.

ऑपरेशन उत्तम झालं. थोडे दिवस औषधाचे थेंब, काळा चष्मा, मग डॉक्टर म्हणाले, आता टीव्ही बघायला हरकत नाही. मेहुण्याच्या घरी मोठा टीव्ही आहे, म्हणून दुपारी सगळे तिथे जमलो. त्या सकाळी मी एकदा शेवटचं काम तपासलं. आपण नेमकं काय काय कापलंय हे बघावं म्हणून खालचा थर बंद केला आणि मास्क उलटा करून पाहिला. समाधान झालं. व्हिडिओ तयार केला, पेनड्राइव्हवर घेतला आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

सासूबाई मधल्या खुर्चीत बसल्या. काळा चष्मा काढून त्यांनी पदराने डोळ्याच्या कडा टिपल्या. आईचा चेहरा बघायचा म्हणून सगळे टीव्हीकडे पाठ करून तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. मेहुणा तर फोनवर तिचं शूटिंगच करत होता. मी पेनड्राइव्ह लावला, रिमोट दाबला आणि मीही वळलो. एवढ्या कष्टांनंतर मलाही तो चेहराच बघायचा होता.

सासूबाईंनी डोळे मोठे केले. मग बारीक केले. मग त्यांचा चेहरा पडला.

“काय गं आई?” बायकोने विचारलं.

“सगळं काळं दिसतंय.”

बायको पुढे सरकली.

“काळं म्हणजे?”

“काळं म्हणजे काळं! अंधार. आणि अंधारात...” त्यांचा आवाज बारीक झाला, “एक गादी चाललीय.”

“गादी?”

“पाय आहेत तिला.”

“अरे देवा!” बायकोने आईचे हात धरले. “आई, माझ्याकडे बघ. मी दिसतेय का? ही बोटं किती?”

“दादा, डॉक्टरांना फोन लाव!” बायको भावाला ओरडली. मेहुण्याच्या हातून फोन खाली पडला. घाबरला की तो आपल्या धंद्यावर जातो. पुढे होऊन म्हणाला, “आई, आ कर बघू.”

“अरे, डोळा आहे, दात नाही!” बायको म्हणाली.

सासूबाईंनी मात्र आ केला. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर म्हणेल ते करायचं, अशी त्यांना सवय लागली होती.

“बोटं तीन आहेत,” त्या आ केलेल्या अवस्थेतच म्हणाल्या. “तुझी अंगठी दिसतेय. पण ती गादी आता परत फिरली!”

मी भिंतीला टेकलो. डोळा गेला. माझ्या व्हिडिओने म्हातारीचा नवा कोरा डोळा गेला. पाणीपुरवठा खात्यातून थेट तुरुंगात गेलेला मी पहिलाच ठरणार होतो.

“बाबा,” मुलगी म्हणाली. तेवढी एकटी टीव्हीकडे वळली होती. “आजीला बरोबर दिसतंय. गादीच आहे.”

आम्ही सगळे वळलो. काळ्याभोर पडद्यावर एक गादी दोन पायांवर तुरुतुरु चालत होती. खोली नाही, स्टूल नाही, अप्पा नाहीत. सकाळी उलटा केलेला मास्क सुलटा करायला आणि खालचा थर चालू करायला मी विसरलो होतो. जे कापायचं ते राहिलं होतं आणि जे राहायचं ते सगळं कापलं गेलं होतं. एवढे दिवस खपून मी जगातल्या एकुलत्या एका व्हिडिओतून अप्पांना काढून टाकलं होतं आणि स्वतःला ठेवलं होतं.

सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यापुढे ती काळी स्क्रीन उजेडाची होती.

सुदैवाने लॅपटॉप बरोबर आणला होता. दोन-तीन खुणा बदलायच्या, पुन्हा व्हिडिओ तयार करायचा, एवढंच काम. तो तयार होईपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. फक्त मेहुणा आईला म्हणाला, “खालची दाढ दाखवायला हवी होतीस गं, किडलीय.”

या वेळी मी स्वतः टीव्हीकडे तोंड करून उभा राहिलो.

रिकामी खोली. स्टूल. अप्पा. कानावर पेन्सिल, अगदी टोकापर्यंत. गादी नाही, पाय नाहीत, सावली नाही. बायकोने माझी बाही घट्ट धरली. सासूबाई पुढे सरकल्या. आणि मोठ्या टीव्हीच्या मोठ्या स्पीकरमधून अप्पांचा आवाज आला.

“अहो जावईबापू, तिकडे भिंत आहे!”

मी दचकलो. लॅपटॉप ऑफिसचा, गरीब. आवाज चालू ठेवला तर चित्र अडकायचं, म्हणून मी सगळं काम आवाज बंद करून केलं होतं. सकाळचा व्हिडिओही मुकाच निघाला होता; या वेळी खुणा बदलताना आवाजाचीही खूण बदलली गेली. बायकोच्या फोनचा आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकांमुळे कायम बंद, त्यामुळे तिनेही क्लिप मुकीच पाहिली होती. अप्पा काही बोलतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ओठ हलतात ते हसण्याने, असंच वाटलं होतं; आणि त्या दिवशी माझे तर दोन्ही कान गादीत होते. पडद्यावर त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत, कारण तिथे मी हसरे अप्पा चिकटवले होते.

मग कुठलंही कारण नसताना ‘धप्’ असा आवाज झाला. रिकाम्या भिंतीकडे बघत अप्पा म्हणाले, “लागलं का हो?” आणि पोट धरून हसत सुटले. समोर कुणीच नाही. एकटा माणूस, मोकळ्या खोलीत, भिंतीला ‘लागलं का’ विचारून हसतो आहे.

व्हिडिओ संपला.

“हे कुणाशी बोलताहेत?” सासूबाईंनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हणालो, “माझ्याशी. मी होतो तिथे. मला काढलंय.”

“का?”

“आड येत होतो.”

“अहो, आड काय!” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्यामुळे तर हसताहेत ते. जन्मभर तुमच्यामुळेच हसले. तुम्ही येऊन गेलात की रात्री जेवताना तुमची नक्कल करायचे. तो पाण्याचा दाब समजावताना तुम्ही हात कसे वरखाली करता, ते करून दाखवायचे. मला ठसका लागायचा.”

“पण माझ्यासमोर ते ओठ मिटून बसायचे.”

“मग काय करतील? जावयासमोर हसणं बरं दिसतं का? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दाबून धरायचे. अगदीच सहन झालं नाही की उठून आत यायचे आणि मोरीचं दार लावून हसायचे.”

आपलं हसू होतं, हे ऐकून एवढं बरं वाटलेला माणूस माझ्याशिवाय दुसरा नसेल. मी चष्मा पुसायला घेतला. बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या ओढणीने पुसून परत दिला. चष्म्याच्या दुकानातली बाई असं कधी करत नाही. काचेवर चरे पडतात, असं तीच सगळ्यांना सांगते.

“मूळचा व्हिडिओ लाव,” सासूबाई मेहुण्याला म्हणाल्या. “जावईबापूंना परत घे त्याच्यात.”

मूळची क्लिप लावली. अप्पा हसायला लागले. डावीकडून गादी आली. ती अप्पांसमोर आली तशा सासूबाई गादीमागचं दिसावं म्हणून खुर्चीतच एका बाजूला झुकल्या. त्यांच्याबरोबर बायको झुकली, मेहुणा झुकला, दया नावाचा विषय नसलेली मुलगीही झुकली. ‘तिकडे भिंत आहे!’ धप्. ‘लागलं का हो?’ गादी परत आली, आणि सगळं कुटुंब दुसऱ्या बाजूला झुकलं. गादी गेली. मागे अप्पा होतेच, पोट धरून.

आम्ही ती क्लिप अंधार पडेपर्यंत पाहिली. दर वेळी तसेच झुकलो.

निघताना सासूबाईंनी मला थांबवलं. “जावईबापू, एवढं कॉम्प्युटरवर येतं तुम्हाला. एक काम कराल?”

“बोला ना आई.”

“गादी राहू दे. तुम्हीही राहा. पण आता मला सगळं स्वच्छ दिसतंय ना, म्हणून सांगते. तुमच्या पायजम्याची नाडी गादीखालून लोंबतेय. चारचौघांना दाखवायचाय व्हिडिओ. तेवढी काढा.”

“त्यात काय एवढं!” मी म्हणालो.

गादी फार साधी वस्तू आहे, हे मला आता कळलं. नाडी प्रत्येक चित्रात वेगळ्या दिशेला असते. पण मी चिकाटी सोडली नाही. रोज सकाळी बसलो, ठिपका ठिपका करून अखेर ती पुसून टाकली आणि मोठ्या अभिमानाने घरच्यांना दाखवलं. नाडीचा मागमूस नव्हता.

मुलीने दोनदा निरखून पाहिलं आणि विचारलं, “बाबा, मग आता तो पायजमा कशाने थांबलाय?”